व्हिएन्नातला उन्हाळा, पाण्याच्या काठाकाठानं

नागपूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना उन्हाळा म्हणजे काय ते सांगायला नको. खिडक्यांना कूलर, दुपारी ओस रस्ते आणि सकाळी नळ येण्याच्या वेळेवर बेतलेला अख्खा दिवस. व्हिएन्नात मात्र लोक वर्षभर उन्हाळ्याची वाट पाहतात. मेच्या सुरुवातीला शहरातले उघड्यावरचे पोहण्याचे तलाव सुरू होतात आणि पार सप्टेंबरपर्यंत माणसं पाण्याकाठीच राहायला आल्यासारखी दिसतात.

यांचं तिथल्या विद्यापीठात काही महिन्यांचं काम होतं. विदर्भातल्या शाळा तशाही जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे दोन्ही मुलांना आणि सासू-सासऱ्यांना घेऊन सगळेच गेलो. हॉटेलात राहून शहर बघणं आणि भाड्याच्या घरात राहून भाजी-किराणा आणत शहर बघणं, यात फार फरक पडतो. घर घेतलं तर तीन दिवसांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो, त्या फॉर्मवर घरमालकाची सही लागते. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारीच दूध, पाव, बटाटे भरून ठेवायचे. कणीक आणि तूरडाळ भारतीय दुकानातून, बाकी सगळं कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमधून. जूनमध्ये चेरी आणि स्ट्रॉबेरी इतक्या गोड मिळतात की मुलं आंबा विसरली. आजोबा काही विसरले नाहीत.

घर होतं काग्रानला, डॅन्यूबच्या पलीकडे, २२व्या वॉर्डात. तिथून यू-१ मेट्रोनं शहरात जाताना आधी जुन्या डॅन्यूबचं पाणी लागतं, मग नवी डॅन्यूब, मग एक लांबलचक बेट आणि मग मुख्य नदी. आधी आम्हाला वाटलं, एकाच नदीचे इतके फाटे निसर्गानंच केले असतील. तसं नाही. पूर्वी नदी इथे पसरट, अनेक ओघांनी वाहायची आणि पुराचं पाणी वस्तीत घुसायचं. १८७० ते १८७५ या काळात तिला एका सरळ पात्रात घातलं, तेव्हा जुना मुख्य ओघ बाजूला पडला. तोच आज आल्टे डोनाउ, म्हणजे जुनी डॅन्यूब. पण तेवढ्यानं पूर थांबले नाहीत. म्हणून १९७२ पासून मुख्य पात्राला समांतर दुसरा कालवा खणायला घेतला, जवळपास २१ किलोमीटर लांबीचा. त्यातून निघालेली माती मधे टाकत गेले, तिचंच झालं डोनाउइन्सेल हे बेट. १९८८ मध्ये काम पुरं झालं. पूर आला की वरचे दरवाजे उघडून जादा पाणी या कालव्यात सोडतात. सप्टेंबर २०२४ च्या मोठ्या पुरातही शहराचा भार यानंच उचलला. एरवी वर्षभर तिथलं पाणी संथ असतं आणि लोक त्यात फुकट पोहतात.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पुरासाठी बांधलेली जागा वर्षातले मोजके दिवस सोडले तर रिकामीच राहिली असती. तिथे कुंपण घालून ‘प्रवेश बंद’ अशी पाटी लावता आली असती. त्यांनी झाडं लावली, सायकलचे रस्ते केले, पाण्यात उतरायला पायऱ्या केल्या. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं मेट्रोतून उतरतात, झुडपाआड कपडे बदलतात आणि सरळ पाण्यात. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या आसपास मावळतो, त्यामुळे जेवणं उरकून गेलं तरी तास-दीड तास उजेड मिळायचा. आमची मुलं तिथेच धीट झाली. धाकटी आधी गुडघाभर पाण्यात उभी राहून रडायची, जूनच्या मध्याला मोठ्याच्या मागे तरफ्यापर्यंत जाऊ लागली.

आई नऊवार नेसतात. त्या रोज जुन्या डॅन्यूबच्या काठी लाकडी फळ्यांवर बसून पाय पाण्यात सोडायच्या. कोणी वळूनसुद्धा बघत नसे. तिथे सत्तरी-ऐंशीतल्या बायका रोज पोहायला येतात, टॉवेल पसरून पुस्तक वाचतात. शेजारच्या इमारतीतल्या अशाच एका आजींनी आम्हाला होलुंडरचं सरबत शिकवलं. मेच्या अखेरीस रस्त्याकडेच्या झुडपांवर त्याचे पांढरे, छत्रीसारखे फुलोरे येतात. ते सकाळी, दव वाळल्यावर काढायचे. धुवायचे नाहीत, नुसते हलके झटकून किडे पाडायचे, कारण वास असतो तो परागात. साखरेचा पाक निवला की त्यात फुलोरे आणि लिंबाच्या चकत्या बुडवून दोन-तीन दिवस झाकून ठेवायचं, मग फडक्यातून गाळायचं. पेल्यात दोन चमचे अर्क आणि वरून नळाचं गार पाणी. बर्फ घातलेला त्या आजींना अजिबात आवडला नाही. त्यांनी नळ सोडला, पाणी थंड होईस्तोवर वाहू दिलं आणि पेला माझ्या हातात दिला.

त्या नळाच्या पाण्याबद्दल लिहायलाच हवं.

व्हिएन्नाच्या घरांत डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. आल्प्सच्या पायथ्याकडून, राक्स आणि श्नेबर्ग या डोंगरांतून पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये शहरात पोचली. दुसरी, होखश्वाब डोंगरातून येणारी, १९१० मध्ये. ती जवळपास १८० किलोमीटर लांब आहे आणि पाण्याला शहरापर्यंत यायला ३६ तास लागतात. वाटेत पंप नाही. निव्वळ उतारावर पाणी वाहत येतं, शिवाय येता येता त्यावर थोडी वीजही तयार करतात. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, “पंपच नाही म्हणता? मंग चढावर काहून अडत नाही?” संध्याकाळी यांनी कागदावर डोंगर, बोगदे आणि दगडी कमानींवरून जाणारा पाट काढून दाखवला तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

याआधी व्हिएन्ना विहिरींचं पाणी प्यायचं. त्यात सांडपाणी झिरपायचं. विषमज्वर आणि कॉलरा ठरलेले. ज्या १८७३ मध्ये तिथे जागतिक प्रदर्शन भरलं, त्याच उन्हाळ्यात शहरात कॉलऱ्याची साथ होती. त्या ऑक्टोबरात श्वार्झेनबर्गप्लाट्झ चौकात डोंगराचं पाणी कारंज्यातून उंच उडालं. ते कारंजं आजही आहे. हे पाणी आणण्यासाठी नगरपालिकेत वर्षानुवर्षं झगडला तो एक भूशास्त्रज्ञ होता, एडुआर्ड झ्यूस. शहराखालची जमीन तपासून, लोक का आजारी पडतात ते त्यानं मांडलं आणि मग सभागृहात उभं राहून उपायही करून घेतला. डॅन्यूब सरळ करण्याच्या कामातही तो होता.

आणि आता बाबांची गोष्ट. बाबांनी उभी नोकरी उमरेडकडच्या कोळसा खाणींत काढली. कारंज्याच्या चौकात झ्यूसचा अर्धपुतळा आहे. मी नाव वाचलं तसे ते थांबले. आफ्रिका, भारत वगैरे भूभाग एके काळी जोडलेले होते असं मांडून त्या प्राचीन भूखंडाला ‘गोंडवानालँड’ हे नाव ज्यानं दिलं, तो हाच झ्यूस. आपल्या गोंड राजांच्या मुलखाचं नाव, त्या खडकांवरून गेलेलं. बाबा ज्या कोळशात वावरले तो गोंडवाना काळातला. आपल्या कामठीच्या नावानं तर खडकांचा एक थरच ओळखला जातो, त्यात ग्लॉसॉप्टेरिस या प्राचीन झाडाच्या पानांचे ठसे सापडतात. झ्यूसनं हे भूखंड जोडले ते याच झाडाच्या आधारानं. बाबांनी नातवाला जवळ बोलावलं आणि खाणीत दगड फुटल्यावर आत पान कसं दिसायचं ते सांगू लागले, शिरा कुठे असतात, टोक कसं असतं, हाताच्या तळव्यावर बोटानं काढून. इतकी वर्षं घरात असून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. त्या दिवशी बघायचा ठरलेला राजवाडा राहिला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतर पाण्याचा उगम बघायचाच असं ठरलं. दक्षिणेकडे जाणाऱ्या रेल्वेनं पायरबाख-राइखेनाउ स्टेशन आणि तिथून बसनं कायझरब्रुन. वाटेत, मोडलिंगजवळ, जलवाहिनीच्या दगडी कमानी आहेत. कायझरब्रुन हा पहिल्या वाहिनीचा मूळ झरा. वाहिनी होण्याच्या कितीतरी आधी इथलं पाणी घोडेस्वारांकरवी बादशहाच्या दरबारात जायचं. आता तिथे छोटं संग्रहालय आहे, आणि श्वार्झा नदीच्या काठानं खाली जाणारी पायवाट. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे हिरवट, तळ दिसणारं पाणी, मधूनच लाकडी साकव. मुलं प्रत्येक साकवावर वाकून ट्राउट मासे शोधत होती. आजूबाजूचं जंगल मोठ्या प्रमाणावर व्हिएन्ना शहराच्या मालकीचं आहे. झरे स्वच्छ राहायचे तर वरची झाडं राखली पाहिजेत, म्हणून महापालिकेचं वनखातं शंभर किलोमीटर दूरचे डोंगर सांभाळतं. आपल्या नागपूरला पाणी पेंचहून येतं, पेंचचं जंगलही तसंच पाण्याच्या उगमाशी उभं आहे. पण आम्ही तिथे जातो ते वाघ बघायला. पाण्यासाठी म्हणून त्या जंगलाकडे मी कधी पाहिलं नव्हतं. आता पाहते.

शहरातलं बाकीही पाहिलं. १८९७ चं प्राटरमधलं मोठं चाक, शोनब्रुनचं १७५२ पासून चालू असलेलं प्राणिसंग्रहालय, मध्यवर्ती दफनभूमीतली बेटोफेनची कबर. सगळं छान आहे, आणि त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. कॉफीघरं मात्र सोडू नका. कॉफीबरोबर छोट्या ताटलीत पाण्याचा पेला येतोच, न मागता, आणि संपला तर पुन्हा भरून देतात. एका कपावर दोन तास बसलं तरी कोणी उठवत नाही. आईंना हे फार आवडलं. त्या कॉफी यांना द्यायच्या आणि पाणी स्वतः घ्यायच्या.

कोणी मुलाबाळांसह जाणार असेल तर घर नदीपलीकडे यू-१ च्या वाटेवर बघा. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पंधराखालच्यांना रविवारी आणि तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांत प्रवास मोफत असतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रस्त्यांवर हजाराहून जास्त पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. आणि कायझरब्रुनला सकाळच्या गाडीनंच जा, कारण पायवाट लांब आहे आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मधे मधे बराच वेळ बसावं लागतं.