हॉलमधले दहा फूट

गोल्फच्या 72 पारच्या मैदानात, म्हणजे जिथले अठरा होल 72 फटक्यांत पुरे व्हावेत अशी अपेक्षा असते तिथे, प्रत्येक होलवर पटिंगचे दोन फटके गृहीत धरलेले असतात. म्हणजे अठरा होलांचे मिळून 36 फटके, हिशेबापुरता निम्मा खेळ, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू जमिनीलगत घरंगळवत नेण्यात जातो आणि त्यासाठी ना ताकद लागते, ना शंभर-सव्वाशे एकर जागा. असे असूनही गोल्फ शिकू लागलेला माणूस पैसा आणि वेळ ओततो तो ड्रायव्हरवर, म्हणजे लांब फटक्याच्या काठीवर, कारण लांबवर गेलेला चेंडू बघायला चार माणसे थांबतात. चार फुटांवरून होलमध्ये गेलेल्या चेंडूची दखल कोणी घेत नाही. घरी सराव करायचे मी मनावर घेतले, तेव्हा ही निवड माझ्यावर सोपवण्यात आलीच नाही. साधारण पंचेचाळीस इंचांचा ड्रायव्हर फ्लॅटच्या हॉलमध्ये, पंख्याखाली उभे राहून, पूर्ण फिरवता येत नाही. उरला पटर, म्हणजे पटिंगची काठी, आणि तोच उरला हे बरे झाले.

आमच्या हॉलमधल्या फरश्या दोन बाय दोन फुटांच्या आहेत. पाच फरश्या ओलांडल्या की दहा फूट होतात, आणि त्यांच्या सांध्यांची सरळ रेघ दिशा तपासायला आयतीच मिळते. चेंडू अगदी रेघेवर मात्र ठेवू नये, कारण सांधा जरा खोलगट असला की चेंडू त्यात बसून निमूटपणे सरळ जातो आणि खोटे समाधान देतो. रेघेच्या बोटभर बाजूने मारावा. तिसऱ्या फरशीपाशी तो रेघेपासून फाकू लागला, तर सबबीला जागा राहत नाही, कारण इथे वारा नसतो आणि गवताचा कलही नसतो.

होलचा व्यास सव्वाचार इंचांचा असतो आणि हे माप 1891 पासून पक्के झालेले आहे. मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर त्यामुळे दोन इंचांहून किंचित जास्त भरते. आता दहा फुटांवरून मारताना चेंडूची दिशा एका अंशाने चुकली, तर होलपाशी पोहोचेपर्यंत तो जवळजवळ तेवढाच, म्हणजे दोन इंच, बाजूला गेलेला असतो. एका अंशापर्यंत माफी आहे, त्यापुढे नाही. हा एक अंश पटर हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, मनगटालाही कळत नाही. तो कळतो थेट पाचव्या फरशीवर. म्हणून मी चेंडूच्या दोन बाजूंना कॅरमच्या दोन सोंगट्या ठेवतो आणि मध्ये पटर जेमतेम जाईल एवढीच फट सोडतो. टायगर वूड्स हीच गोष्ट ग्रीनवर दोन टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या, रोवून करतो. सोंगटी टक्कन उडाली की पटरचा मार्ग वाकडा होता हे लगेच कळते, आणि मग चेंडू कुठे गेला हे बघण्याचीही गरज उरत नाही.

होल म्हणून मी स्टीलचा पेला आडवा ठेवत असे. त्याचे तोंड तीन इंचांचे, म्हणजे खऱ्या होलपेक्षा बरेच अरुंद, आणि चेंडू आत गेल्याचा खणखणाट कानाला फार गोड. तो सर्वांनाच गोड वाटत नसावा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात गाठून, "काय हो, रात्री तुमच्याकडे गोट्या कोण खेळतं?" असे विचारले, तेव्हापासून पेल्याखाली सतरंजीची घडी आली आणि रात्रीची वेळही संध्याकाळवर आली. चेंडू परत फेकणारी विजेवरची खोकी बाजारात मिळतात, पण मला ती पटत नाहीत. चुकलेला चेंडू उचलायला चालत जाताना तो नेमका किती आणि कोणत्या बाजूला चुकला हे बघितले जाते. तेवढे चालणे वाचले की माणूस नुसता मारत सुटतो.

पटिंगने किती मजल मारता येते हे 2021 साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची गोल्फपटू अदिती अशोक हिने दाखवून दिले. तिचे ड्राइव्ह, म्हणजे ड्रायव्हरचे फटके, आघाडीच्या खेळाडूंपेक्षा आखूड पडत होते, तरीही केवळ ग्रीनवरच्या हुकमतीच्या जोरावर ती शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत राहिली आणि चौथी आली. पदक एका फटक्याने हुकले. आपल्याकडे पहाटे उठून ज्यांनी गोल्फ बघितले, त्यांतल्या कित्येकांना त्या आठवड्यापूर्वी पटर म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते.

उतार वाचायला घरात एकच जागा आहे, ती म्हणजे बाल्कनी. पावसाचे पाणी जाळीकडे वाहून जावे म्हणून गवंड्याने तिथे थोडा ढाळ दिलेला असतो. आडवा मारलेला चेंडू आधी सरळ जातो आणि वेग मंदावला की जाळीकडे झुकू लागतो. ग्रीनवरही तो शेवटच्या दोन-तीन फुटांतच सर्वांत जास्त वळतो, हे मला बाल्कनीने समजावले. जाळीवर झाकण मात्र हवे.

वेग काही घर शिकवत नाही. ग्रीनचा वेग मोजायला स्टिम्पमीटर नावाची तीन फुटांची पन्हळ असते. तिच्यावरून सोडलेला चेंडू सपाट ग्रीनवर जितके फूट जाईल, तो त्या ग्रीनचा आकडा. याच मोजणीने फरशीचा आकडा काढू गेल्यास चेंडू सोफ्याखाली जातो आणि तो बाहेर काढायला मॉपचा दांडा लागतो. म्हणूनच येरवड्याच्या मैदानावर गेलो की पहिली काही मिनिटे मी होलकडे बघत नाही. सराव-ग्रीनच्या मधून चेंडू कडेच्या उंच गवताच्या अलीकडे थांबेल अशा बेताने मारत राहतो. फरशीला सरावलेल्या हातांनी मारलेले सुरुवातीचे फटके हमखास आखूड पडतात, आणि पावसाळ्यात, ग्रीन ओले असताना, त्याहूनही आखूड.