तुम्ही विचारलंत म्हणून: चिखलदऱ्यात घरात बुखारी कशाला?

"विदर्भात राहून घरात फायरप्लेस? काऊन वो, उन्हाळा कमी पडते का तुमाले?"

हे मला अकोल्याच्या नणंदेनं विचारलं, परतवाड्याच्या शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी विचारलं, सिलिंडर आणून देणाऱ्या पोरानंही विचारलं. विचारणारे बहुतेक मे महिन्यात येतात. खाली मैदानात पारा ४५ च्या घरात गेला की आपले कुणीतरी चिखलदऱ्याजवळ राहतात हे सगळ्यांना आठवतं. मग बैठकीच्या कोपऱ्यातली काळी लोखंडी बुखारी, म्हणजे लाकडावरची बंद दाराची, नळीतून धूर बाहेर सोडणारी भट्टी दिसते, कुणीतरी तिच्यावर पाण्याची बाटली ठेवतं आणि प्रश्न येतो. आजवर मी "हिवाळ्यात गारठा असतो हो" म्हणून वेळ मारून नेली. आता दिरामुळे विषय पुन्हा निघालाय, तर एकदा नीट सांगूनच टाकते.

गारठा हे कारण नाही. गारठा नागपुरातही पडतो. २९ डिसेंबर २०१८ ला तिथं पारा ३.५ अंशांवर उतरला होता, म्हणून कुणी धरमपेठेत धुराडं बांधायला घेतलं नाही. दोन गोधड्या आणि अंगणातली शेकोटी एवढ्यावर आपला हिवाळा निघतो. आमचं दुखणं जून ते सप्टेंबरचं आहे. अकराशे मीटरच्या आसपास उंची, खिडकी उघडली की ढग आत. झड लागली की हवा काही फार थंड नसते, वीसेक अंश, अंगाला सुखाचीच. पण दांडीवरचा टॉवेल वाळत नाही तो नाहीच. मीठ पाझरतं, उन्हाळ्यात खाली माहेरी करून आणलेल्या कुरडया डब्यात मऊ पडतात, परसातल्या झाडांच्या कॉफीची पूड बरणीत दगड होते, आणि कपाटात जपून ठेवलेल्या माझ्या डी.एड.च्या प्रमाणपत्रावर हिरवट बुरशी चढते. वीस अंशांची, ९५ टक्के आर्द्रतेची हवा २५ अंशांपर्यंत तापवली तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण आर्द्रता ७० च्या आसपास येते. तेवढ्यानं टॉवेल वाळतो आणि बुरशीचा जोर मोडतो. मला विस्तवाकडून एवढे पाच अंशच हवे होते.

अर्थात ही आकडेमोड नंतरची. आधी मला फायरप्लेस हवी होती ती छान दिसते म्हणून. शाळेची सहल घेऊन इकडे यायचे तेव्हा इंग्रजांच्या वेळच्या एका बंगल्यात दगडी फायरप्लेस पाहिली होती, आणि ती डोक्यात घर करून बसली होती. निवृत्तीनंतर सासऱ्यांनी बांधलेल्या या घरात राहायला आलो तेव्हा मी गवंड्याला अगदी तशीच बांधायला सांगितली. तो म्हणाला, "बाई, तुमची अर्धी गरमी तं वरतूनच निंगून जाईन." अर्धी कसली, बहुतेक सगळीच जाते. उघड्या फायरप्लेसची ऊब धुराड्यातून वर जाते आणि जाताना खोलीतली हवा ओढून नेते. तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची ओली हवा येते. म्हणजे ज्या ओलीपासून पळायचं तिलाच बोलावणं धाडायचं. हे सगळं पटूनही मी हट्ट सोडला नव्हता. बंगल्यात राहणाऱ्या इंग्रजांना काय अक्कल नव्हती, असा माझा तेव्हाचा युक्तिवाद. त्यांच्याकडे पंखा ओढायला माणसं होती आणि लाकूड आणून टाकायलाही, हे मला तेव्हा कुणी म्हटलं नाही.

हट्ट सुटला श्रावणातल्या एका रात्री.

झड लागलेली, आणि घाटात कुठंतरी झाड पडून वीज गेलेली. पावसाळ्यात सासूबाईंचे गुडघे धरायचे. त्यांनी खोलीत शेगडी मागितली. शेगडीबद्दल आमच्या घरात एक ठाम समजूत होती: चुलीचा धूर वाईट, पण निखाऱ्याला धूर नाही, म्हणजे शेगडी आत नेली तरी चालते. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतातच की. माझ्याही ठेवली होती. पण ती घरं कवेलूंची होती, छपरातून चांदणं दिसायचं, हवा खेळायची. या घराला स्लॅब आहे, वर पत्रे आहेत, सरकत्या खिडक्या आहेत. त्यातही त्या रात्री पावसाची झोड आत येत होती म्हणून खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबलेल्या.

धावड्याचे कोळसे ओसरीत पेटवले, चांगले लाल होऊन वर पांढरी राख धरेपर्यंत थांबले, मग शेगडी आत. पुतणी आजीजवळ झोपायला गेली. दार लावून घेतलं.

मध्यरात्र उलटल्यावर पुतणीच्या ओकारीचा आवाज आला. ती दारापर्यंत आली होती आणि उंबऱ्यावरच बसली होती. "काकू, डोकं फुटतंय." सोमवार होता, दोघींचा उपास. मला वाटलं, पित्त. दिरानं साबुदाण्याला नावं ठेवली. तिला लिंबूपाणी देऊन मी सासूबाईंना उठवायला गेले. त्या "उठतो, उठतो" म्हणत होत्या आणि उठत नव्हत्या. जीभ जड झालेली, गादी ओली. मी कंदील वर धरून खोलीभर पाहिलं. काही जळत नव्हतं. वास नव्हता, धूर नव्हता, डोळे चुरचुरत नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण ज्याला सांगावं तो "मग कळलं कसं नाही?" असंच विचारतो. कळण्यासारखं काही नसतंच. त्या पावसाळ्यात घरातली सगळ्यात कोरडी, उबदार खोली तीच होती, आणि मलाही तिथं दोन मिनिटं टेकावंसं वाटलं होतं.

ह्यांनी गाडी काढली. धुक्यात दिव्याचा उजेड पुढे जायलाच तयार नाही. दीर खिडकीतून मान बाहेर काढून रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड सांगत होता, हे त्या अंदाजानं चालवत होते. खिडकीतल्या वाऱ्यानं सासूबाई जराशा शुद्धीवर आल्या आणि "पोरीले पांघरा" म्हणाल्या.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आम्ही उपास, पित्त, साबुदाणा सांगत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खोलीत काय पेटवलं होतं?" दोघींना ऑक्सिजन लावला. बोटाला लावतात ते यंत्र सासूबाईंचा ऑक्सिजन ९८ दाखवत होतं, म्हणून दीर म्हणाला, सगळं ठीक दिसतंय की. त्या म्हणाल्या, या आकड्यावर जाऊ नका, रक्ताला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हे त्या यंत्राला ओळखता येत नाही. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो. कोळसा कोंडलेल्या हवेत धुमसला की तोच निघतो.

पुतणी लवकर सावरली. सासूबाईही घरी आल्या, पण नावं विसरायला लागल्या. वय होतंच, त्यामुळे त्यातलं त्या रात्रीचं किती आणि वयाचं किती, कुणालाच सांगता आलं नाही. त्या मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, "उपासानं झालं ते. माह्या शेगडीले नावं नोका ठेवू."

त्यानंतर दगडी फायरप्लेसचं नाव मी काढलं नाही, आणि शेगडी घरात येऊ दिली नाही. ओल मात्र होतीच. नणंदेच्या मुलानं गॅसचा हीटर सुचवला, धुराडं नको, भिंत फोडायला नको. पण गॅस जळतो तेव्हा पाणी तयार होतं, एक किलो एलपीजीमागे दीड किलोहून जास्त. १४.२ किलोचं एक सिलिंडर खोलीत जाळलं की वीस लिटरवर पाणी वाफ होऊन त्याच भिंतींवर बसणार. ओल घालवायला घरात बादली ओतायची, ही युक्ती त्याचीच त्याला लखलाभ.

बुखारी आली ती अशी. परतवाड्याच्या वेल्डरनं बनवून दिली: आत भट्टीच्या विटा, घट्ट बसणारं दार, दारात हाताएवढी काच. सहा इंची नळी घराच्या मधूनच वर जाते आणि पत्र्याच्या आढ्याच्याही वर निघते. बाहेरच्या भिंतीवरून नेली असती तर स्वस्त पडली असती, पण तशी नळी गार पडते आणि धूर ओढत नाही. जळायला लागणारी हवा फरशीखालच्या पाइपातून थेट बाहेरून येते. वेल्डरचं आणि माझं भांडण झालं ते आकारावरून. "घेताच तं मोठी घ्या, बाई." दुकानदारही हेच सांगतात, आणि आमच्यासारख्या हवेत हेच सगळ्यात वाईट. खोली लगेच तापते, मग आपण हवेची झडप बंद करून आग दाबून ठेवतो, आणि दाबलेली आग धुमसते. धुमसली की नळीत डांबरासारखी काजळी धरते, ती पुढं पेटूही शकते, आणि तो वायूही पुन्हा तयार होतो. त्यापेक्षा लहान बुखारी भरभरून पेटवायची आणि आपसूक विझू द्यायची. राख मात्र आत ठेवायची नाही. ती ओल धरते आणि लोखंड खाते. निजायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा गजर आहे, बॅटरीवरचा. तो अजून कधी वाजलेला नाही, त्यामुळे पाहुण्यांना तोही माझा वेडेपणाच वाटतो.

"म्हणजे जंगल जाळता?" हा प्रश्न झोंबतो. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला आहे, इथली फांदी तोडत नाही आम्ही. आमचं लाकूड खालच्या वखारीतून येतं, शेताच्या बांधांवरची बाभूळ, आणि पुरता एक उन्हाळा वाऱ्यावर वाळल्याशिवाय बुखारीत जात नाही. दोन खांडं एकमेकांवर आपटून टणकन वाजली तरच घ्यायची. ओल्या लाकडाची बरीच आग त्याचंच पाणी उकळण्यात जाते. एवढं बोलले की वाटतं, झालं, जिंकलो. मग समोरून शेजारची कोरकू बाई डोक्यावर मोळी घेऊन जाते. तिला त्या मोळीसाठी कुणीही अडवू शकतं, माझा टेम्पो पावती दाखवून दारात येतो. तिची चूल धुराड्याशिवायची, धूर तिच्याच डोळ्यांत. माझा धूर टोपीतून नीट बाहेर जातो आणि पावसाळी जड हवेत तिच्याच अंगणावर उतरतो. तिला धुराडं बसवून देते म्हटलं, तर म्हणाली, धुरानं कवेलूखालचे वासे टिकतात, किडे लागत नाहीत. तेही खोटं नाही.

मुलगा म्हणतो, आई, बुखारी पाणी काढत नाही, नुसती हवा तापवते. खरं आहे. त्यानं पाणी ओढून घेणारं यंत्र आणून दिलं. ते टाकीत साठलेलं पाणी दाखवतं, बघून बरं वाटतं. वीज असते तेव्हा चालतं. झडीत वीज नसते.

आणि सहलीला येणारी ती जुनी मी अजून गप्प बसत नाही. तिचं म्हणणं, तुला विस्तव दिसतो तरी का? काच काजळते, ओल्या कागदाला राख लावून पुसावी लागते, आठवण राहिली तर. बंगल्यातल्या फायरप्लेसभोवती माणसं बसायची, तुझ्या बुखारीभोवती टॉवेल बसतात. यावर मी तिला सासूबाईंची रात्र सांगते. ती म्हणते, ती रात्र शेगडीची होती, धुराडं असलेल्या फायरप्लेसची नव्हती. इथं मला थांबावं लागतं.

नेमकं हेच आता दीर म्हणतोय. मागच्या दोन खोल्या त्याला पर्यटकांना द्यायच्यात, आणि त्यांतल्या एकीत उघडी दगडी फायरप्लेस हवी. "लोक फोटो पाहून येतात, वहिनी. काळ्या डब्याचा फोटो कोण काढते?" मी अटी घातल्या: धुराडं आतल्या भिंतीतून न्यायचं, भिंतीत बंद न होणारी जाळी ठेवायची, गजर लावायचा, पाहुण्यानं पाया पडून मागितली तरी शेगडी द्यायची नाही, आणि त्या खोलीत पलंग ठेवायचा नाही. पलंग सोडून त्याला सगळं मान्य आहे. बिनपलंगाच्या खोलीचं भाडं कोण देईल, असं तो विचारतो. गवंडी दिवाळीनंतर येतोय. दगड येऊन पडलेत. पलंगावरून बोलणी चालू आहेत.