चीज मुरवणारी गुहा

घरी चीज करायला लागून मला आता चार वर्षे झाली. दुधाला विरजण लावणे, रेनेट (दूध गोठवणारे विकर) घालून ते घट्ट बसू देणे, सुरीने त्याच्या वड्या पाडून निवळी काढणे आणि उरलेला गोळा साच्यात भरणे हे एका दिवसाचे काम आहे व ते सरावाने जमते. लोणच्यासारखेच चीजचेही खरे काम पुढे, मुरण्यात असते. पुण्यातल्या फ्रिजमध्ये माझे चीज मुरण्याऐवजी वाळत असे, त्याच्या सालीला तडे जात आणि त्या तड्यांतून नको ती काळी बुरशी आत शिरे.

गेल्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या उत्तरेकडील आस्तुरियास प्रांतात, काब्रालेस या डोंगराळ भागात जाण्याचा योग आला. पिकोस दे युरोपा या चुनखडीच्या पर्वतरांगेत पाण्याने कोरलेल्या असंख्य गुहा आहेत आणि तिथली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आपले चीज त्यांतच मुरवत आली आहेत. गाईच्या कच्च्या दुधाचे, किंवा त्यात शेळी-मेंढीचे दूध मिसळून केलेले हे चीज आधी घरातच दहा-पंधरा दिवस सुकवतात आणि मग गुहेत किमान दोन महिने, पुष्कळदा त्याहून जास्त काळ ठेवतात. 1981 पासून काब्रालेस या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. पूर्वी हे चीज मॅपलच्या पानांत गुंडाळून विकत. आता त्याला धातूचा पातळ कागद लावतात.

ज्या आजींनी मला आपल्या गुहेत नेले, त्यांनी दार उघडताच ओल्या दगडाचा आणि बुरशीचा वास अंगावर आला. आत तापमान साधारण 7 ते 13 अंश आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास राहते. मात्र माझ्या लक्षात राहिली ती हवा. खडकातल्या फटींतून येणारा अगदी मंद झोत माझ्या मनगटाला जाणवत होता. अशा झोतांना तिथे ‘सोप्लाओ’ म्हणतात. गुहेतली बुरशी त्यांच्यासोबत फिरते आणि बाहेरून आतपर्यंत चीजमध्ये निळ्या-हिरव्या रेषा उमटवत जाते. आजींनी लाकडी फळीवरचे चीजचे एक चाक, म्हणजे चाकासारखा गोल गोळा, उचलले, ओल्या फडक्याने त्याची साल पुसली, अंगठ्याने कडा दाबून पाहिली आणि ते उलटे करून, पण नेमके त्याच्या जुन्या ओल्या डागावर न ठेवता, बोटभर बाजूला ठेवले. हे त्या दर चाकासाठी करत होत्या. फळीला चिकटलेली बाजू घुसमटू नये म्हणून ही काळजी असते, असे त्यांच्या नातीने मला समजावून सांगितले.

आपल्या सह्याद्रीतही गुहा कमी नाहीत, मग तिथे हे का करू नये, हा प्रश्न मला परतीच्या प्रवासात सतत पडत होता. त्याचे उत्तर सरळ आहे. खोल गुहेच्या आतले तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानाजवळ स्थिरावते, आणि पुण्याची सरासरी 25 अंशांच्या आसपास असल्यामुळे आपल्याकडची गुहा कितीही खोल असली तरी चीजला ती उबदारच ठरते. एवढ्या उष्णतेत त्यातले स्निग्ध पदार्थ पाझरू लागतात आणि नासवणारे जंतू फोफावतात. काब्रालेसची गुहा थंड आहे ती मुळात तिथला डोंगर थंड आहे म्हणून.

थंडाव्यासाठी मला यंत्रावर विसंबावेच लागणार होते. पण ओलावा, हवा आणि रोजचा हात या तीन गोष्टी घरी आणणे शक्य होते. आता जुन्या फ्रिजला तापमान-नियंत्रक जोडून तो 12 अंशांवर ठेवला आहे. चीज झाकणाच्या डब्यात बांबूच्या चटईवर असते, चटईखाली ओले फडके असते आणि झाकण किंचित तिरपे, म्हणजे हवेला वाट राहते. पहिल्या वेळी झाकण पूर्ण बंद ठेवल्यामुळे डब्याच्या आतून पाण्याचे थेंब ठिबकून साल चिकट झाली होती, म्हणून आता रोज सकाळी झाकण पुसून कोरडे करतो, चीज उलटतो आणि आजींनी ठेवले तसे बोटभर बाजूला ठेवतो.

सध्याच्या चाकाचा आज एक्केचाळिसावा दिवस आहे. सालीवर राखी रंगाची मऊ लव धरली आहे, एकही तडा नाही, आणि अंगठ्याने दाबले की कडा हलकेच आत जाऊन परत वर येते.