अण्णांचं वेळापत्रक आणि केबल नसलेला टीव्ही

मे २०२४ मध्ये आमच्या इमारतीचं व्यवस्थापन बघणाऱ्यांकडून दोन पानी पत्र आलं. जर्मनीत राहणाऱ्यांना अशी पत्रं नवीन नाहीत. पण हे मी दोनदा वाचलं. १ जुलैपासून केबल टीव्हीचे पैसे नेबेनकोस्टेनमधून घेतले जाणार नाहीत, ज्याला केबल हवी त्याने स्वतः करार करावा, असा त्याचा सारांश होता.

जे इथं राहत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. घरभाड्याबरोबर पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट असा जो वरचा खर्च द्यावा लागतो, तो म्हणजे नेबेनकोस्टेन. वर्षानुवर्षं त्यातच केबलचे पैसेही असायचे. तुम्ही टीव्ही बघा अथवा बघू नका, भाड्यात ते गेलेच. २०२१ च्या नव्या दूरसंचार कायद्याने ही पद्धत मोडीत काढली आणि घरमालकांना ३० जून २०२४ पर्यंतची मुदत दिली. आमच्या हिशेबात ही रक्कम महिन्याला साधारण नऊ युरो होती. श्टुटगार्टमध्ये नऊ वर्षं राहून ती आपण देतो आहोत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

एरवी मी केबल सोडून दिली असती आणि विषय संपला असता. पण सप्टेंबरमध्ये माझ्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन ठरलं होतं. नवऱ्याच्या कामाच्या पाळ्या, मुलगी पाच वर्षांची. म्हणून कराडहून आई आणि अण्णा तीन महिन्यांसाठी यायचे होते. आईचं काय, ती नातीत रमते. अण्णांना मात्र बातम्या लागतात. एसटीत वाहक म्हणून तेहतीस वर्षं काढली त्यांनी. डेपोत ड्यूटी लावून घ्यायच्या आधी ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या आणि रात्री घरी आल्यावर बीबीसी हिंदी, हा त्यांचा नेम. बीबीसीची हिंदी रेडिओ सेवा ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली, त्या रात्री त्यांनी मला फोन केला होता. घरातलं माणूस गेल्यासारखा आवाज होता.

त्यातून विधानसभेची निवडणूक तोंडावर. मतदान होईल तेव्हा आपण कराडात नसू हे त्यांना तिकीट काढतानाच माहीत होतं. १९७७ पासून एकही मत न बुडवलेला माणूस माझ्या गुडघ्यासाठी ते बुडवून येणार होता. अशा माणसाला इथं आणून नुसतं खिडकीतून पाऊस बघत बसवायचं, हे मला सहन होणारं नव्हतं.

तेव्हा मी शोधाला लागले. पहिला सल्ला व्हॉट्सअॅपवरच्या भारतीयांच्या गटात मिळाला: वर्षाला १२० युरो द्या, टीव्हीला जोडायचा एक डबा घ्या, जगातल्या सगळ्या वाहिन्या बघा. हा मार्ग मी घेतला नाही आणि कुणी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. हे डबे वाहिन्यांच्या परवानगीशिवाय चालतात. युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्येच स्पष्ट केलं आहे की असे डबे विकणं हा कॉपीराइटचा भंग आहे, आणि चोरीचं आहे हे उघड दिसत असताना त्यावरून बघणाराही सुटत नाही. गटातल्या एका ओळखीच्या कुटुंबाचा डबा तर दोन महिन्यांत बंद पडला. पैसे घेणाऱ्याचा नंबरही बंद.

दुसरा मार्ग डिश अँटेना. आमच्या तळमजल्यावर तुर्की आजोबा राहतात, त्यांच्या बाल्कनीत तुर्की उपग्रहाकडे तोंड केलेली तबकडी आहे. त्यांनी मला चहाला बसवून तिचा इतिहास सांगितला. जुना घरमालक ती काढायला लावत होता. त्या काळात असेच एक तुर्की भाडेकरू जर्मनीच्या घटना न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की परदेशी भाडेकरूला मायदेशाच्या वाहिन्या बघता येणं हा माहिती मिळवण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, घरमालकाच्या मालमत्तेच्या हक्काशी त्याचं वजन करूनच निर्णय घ्यावा लागेल. परक्या देशात राहणाऱ्या कुणालाही धीर येईल असा हा निकाल आहे. डिशचा खर्चही एकदाच येतो. अॅस्ट्रा उपग्रहावर कितीतरी वृत्तवाहिन्या मासिक शुल्काशिवाय दिसतात. पण त्यासाठी दक्षिणेकडे मोकळं आकाश लागतं आणि आमची बाल्कनी उत्तरेला. तुमची दक्षिणेला असेल तर जरूर विचार करा, आधी भाडेकरार वाचून.

तिसरी गोष्ट अशी की एक वर्गणी आपण आधीच भरत असतो. रुंडफुंकबायट्राग, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी, घरटी महिन्याला १८.३६ युरो, तीन महिन्यांचे ५५.०८ एकदम कापले जातात. टीव्ही असो वा नसो. आपली बरीच मंडळी यावर चिडतात, मीही पहिली दोन वर्षं कुरकुर केली. मग ठरवलं की पैसे जातातच आहेत तर वसूल करू. खिडकीत ठेवायचा छोटा अँटेना घेतला की एआरडी, झेडडीएफ, फिनिक्स, टागेसशाऊ-२४ या वाहिन्या फुकट दिसतात, आणि त्यांच्या मीडियाटेक अॅपवर तर अँटेनाही लागत नाही. रात्री आठची टागेसशाऊ, म्हणजे एआरडीच्या बातम्या, पंधरा मिनिटांची असते, आरडाओरडा नाही, चौकटीत भांडणारे आठ चेहरे नाहीत. जून २०२४ पासून तिची सोप्या जर्मनमधली आवृत्तीही संध्याकाळी सातला येते. ज्यांचं जर्मन बी-वनच्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, आसपास अडकलं आहे त्यांनी महिनाभर ती बघावी. तिच्यासोबत डॉइचे वेले या जर्मनीच्या परदेशांसाठीच्या प्रसारण सेवेच्या संथ गतीने वाचलेल्या बातम्या ऐकल्या तर आणखी चांगलं, त्याही फुकट.

(माझी मावसबहीण इंग्लंडात आहे. तिथला नियम वेगळा. यूट्यूबवरसुद्धा टीव्हीचं थेट प्रक्षेपण बघायचं तर टीव्ही लायसन्स लागतं, २०२५ मध्ये ते वर्षाला १७४.५० पौंड होतं. तेव्हा माझा हिशेब जसाच्या तसा उचलू नका, तुमच्या देशाचा नियम बघा.)

शेवटी आम्ही काय केलं? जुन्या टीव्हीच्या मागे लावायची, त्यावर इंटरनेट दाखवणारी काडी पस्तीस युरोला आणली. घरात इंटरनेट होतंच. यूट्यूबवर अल् जझीरा इंग्लिश, फ्रान्स-२४ आणि डॉइचे वेले यांची इंग्रजी वाहिनी चोवीस तास थेट चालू असते. जपानची एनएचके वर्ल्ड तिच्या अॅपवर. मराठीसाठी एबीपी माझा, साम, टीव्ही९ मराठी यांचंही थेट प्रक्षेपण. आणि अण्णांचा खास आग्रह म्हणून सह्याद्रीच्या सातच्या बातम्या, प्रसारभारतीच्या न्यूजऑनएअर अॅपवर आकाशवाणी. मराठी मालिका हव्या असतील तर रीतसर पैसे भरून घ्यायच्या सेवा आहेत, त्या घ्याव्यात. नुसत्या बातम्यांसाठी महिन्याचा नवा खर्च शून्य आला.

अण्णांचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता. "ही मंडळी फुकट का दाखवतात गं? यांच्या पोटाला कोण घालतं?"

मला हा प्रश्न नऊ वर्षांत पडला नव्हता. मी त्यांना सांगितलं: डॉइचे वेलेला पैसे जर्मनीच्या केंद्रीय अर्थसंकल्पातून मिळतात, फ्रान्स-२४ ला फ्रान्सच्या सरकारकडून, अल् जझीराला कतारकडून. त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून एकच बातमी तीन ठिकाणी बघायची प्रथा घरात सुरू झाली. गाझाची बातमी आली की रिमोट फिरायचा. कोण कशावर किती मिनिटं बोलतं, काय गाळतं, हे ते वहीत टिपायचे, तिकिटांचा हिशेब लिहावा तसं, रेघा मारून. त्या यादीत रशियाची आरटी नव्हती, कारण मार्च २०२२ पासून युरोपीय संघाने तिच्यावर बंदी घातली आहे. तेही मी त्यांना सांगितलं. जे दिसत नाही तेही माहीत हवं.

फ्रिजवर एक वेळापत्रक चिकटवलं. डावीकडे कराडची वेळ, उजवीकडे श्टुटगार्टची. सह्याद्रीच्या बातम्या दुपारी साडेतीनला, माझ्या व्यायामानंतर. टागेसशाऊ आठला, जेवताना, मी भाषांतर करायचं. भरवशाच्या वेळेला भरवशाचा आवाज, एवढंच त्यांना हवं होतं. चोवीस तास चालणाऱ्या वाहिनीने त्यांचं डोकं दुखायचं. २७ ऑक्टोबरला इथली घड्याळं तासाने मागे गेली, साडेतीन तासांचा फरक साडेचार झाला आणि उजवी बाजू सगळी खोडून पुन्हा लिहावी लागली. अण्णांनी हातातलं घड्याळ शेवटपर्यंत कराडच्याच वेळेवर ठेवलं.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा मी विसरणार नाही. ५ तारखेला अमेरिकेत मतदान. ६ ला सकाळी उठलो तर ट्रम्प जिंकल्याच्या बातम्या चालू. दिवसभर आम्ही दोघं सोफ्यावर, माझा पाय उशीवर. दुपारी तुर्की आजोबा वर आले. त्यांना मराठी येत नाही, अण्णांना तुर्की नाही. दोघं एकमेकांकडे बघून मान हलवत अल् जझीरा बघत बसले, आई चहा देत राहिली. आणि त्याच रात्री नऊच्या सुमारास चॅन्सेलर शोल्त्स यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढून टाकलं. अण्णा झोपायला निघाले होते, ते परत येऊन बसले.

"म्हंजे हितलंबी सरकार पडलं?"

मी त्यांना आघाडी समजावली. लाल, पिवळा, हिरवा असे तीन पक्षांचे रंग, म्हणून तिला सिग्नलची आघाडी म्हणायचे. आता लिंडनर यांचा पिवळा गळाला. महाराष्ट्रात गेल्या पाच वर्षांत जे पाहिलं त्यानंतर त्यांना हे कळायला एक मिनिटही लागलं नाही. मग त्यांनी विचारलं, "निवडणूक लागली तर तू कुणाला देशील?"

मला इथं मत नाही. मी भारताची नागरिक आहे. आणि भारतात परदेशातल्या नागरिकाचं नाव यादीत असू शकतं, पण मत द्यायला मतदान केंद्रावर स्वतः जावं लागतं. पगारातून कर जातो, मुलगी इथल्या बालवाडीत जाते, घराचं भाडं, दवाखाना, व्हिसाचे नियम, सगळं या लोकांनी ठरवायचं, आणि कराडचा रस्ता, आईअण्णांचा दवाखाना त्या लोकांनी. दोन्हीकडे माझं बोट कोरडं. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांचंही त्या महिन्यात कोरडंच राहणार होतं. मला परवडणाऱ्या बातम्यांची इतकी ओढ का, याचं उत्तर मला त्या रात्री मिळालं. मत देता येत नाही, निदान कोण काय ठरवतंय हे तरी कळलं पाहिजे, आणि ते कळण्यासाठी महिन्याला पन्नास युरो लागता कामा नयेत.

२० नोव्हेंबरला मतदान झालं. दिवसभर ते कराडच्या मित्रांना फोन करून "जाऊन आलास का" एवढंच विचारत होते. २३ ला मोजणी. भारतात सकाळी आठ म्हणजे आमचे पहाटेचे साडेतीन. मी तीनला उठून काठीच्या आधाराने बाहेर आले तर अण्णा मफलर बांधून टीव्हीसमोर तयार, आवाज बंद, नुसते आकडे बघायला. मुलगी उठू नये म्हणून. टपाली मतांपासून सगळं पाहिलं आम्ही. आमच्याकडे उजाडलं तोवर २८८ पैकी बहुतेक जागांचा कल स्पष्ट झाला होता. त्यांची नजर कराड दक्षिणवर होती. पृथ्वीराज चव्हाण मागे पडत गेले आणि शेवटी हरले, अतुल भोसले जिंकले. अण्णांनी या वेळी कुणाला मत दिलं असतं हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. निकाल वहीत लिहून त्यांनी वही मिटली आणि आईला म्हणाले, "पोहे कर."

२८ नोव्हेंबरला दोघं परत गेले. फ्रिजवरचं वेळापत्रक मी काढलं नाही.

२३ फेब्रुवारी २०२५ ला जर्मनीची निवडणूक झाली. रविवार होता. संध्याकाळी सहाला मतदान संपतं आणि त्याच मिनिटाला पहिला अंदाज पडद्यावर येतो. मी मुलीला आंघोळ घालत होते. सहा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. कराडात साडेदहा वाजून गेले होते, एरवी अण्णा नऊला झोपतात.

"डॉइचे वेले लावलंय मी मोबाइलवर," ते म्हणाले. "विरोधातला काळ्या रंगाचा पक्ष पुढं हाय, आणि तो पिवळा संसदेत शिरायला लागणाऱ्या पाच टक्क्यांच्या काठावर लोंबकळतोय. तू बघतीयंस न्हवं?"