तुम्ही विचारलंत म्हणून: पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी

पावसाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. "ताई, कॉम्प्युटर चालू होतोय, पंखाबिंखा फिरतोय पण स्क्रीन काळीच, विंडोज उडालं का हो?" ऐरोलीत माझा टॅलीचा क्लास आहे, मशीन सगळी जुनी, डीडीआर 3 नावाच्या जुन्या रॅमच्या जमान्यातली, त्यामुळे सोसायटीत सगळ्यांना वाटतं हिला यातलं कळत असणार. थोडंफार कळतं खरं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

विंडोज उडालेलं नसतं, निदान बहुतेक वेळा तरी. बटण दाबलं की आधी बोर्ड (आतला मदरबोर्ड) स्वतःच तपासणी करतो, रॅम म्हणजे कामापुरती मेमरी आहे का, डिस्प्ले आहे का वगैरे, त्याला पोस्ट म्हणतात, ती पार पडली की कंपनीचा लोगो दिसतो आणि मग कुठे हार्ड डिस्कवरच्या विंडोजचा नंबर लागतो. लोगोच आला नाही तर विंडोजपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाहीये, मग झाकण न उघडताच "फॉर्मॅट मारावं लागेल" म्हणणाऱ्या माणसाला पैसे कशाचे द्यायचे? म्हणून मी उलट विचारते, काळं कधी होतं? पहिल्यापासून, का लोगो दिसून मग?

पहिल्यापासून असेल तर आधी मॉनिटर बघा. "नो सिग्नल" असं लिहून येत असेल तर मॉनिटर बिचारा ठीक आहे, त्याला मागून काही मिळत नाहीये. काहीच येत नसेल तर मॉनिटरचंच मेनू बटण दाबा, मेनू दिसायला हवा. स्क्रीनवर तिरकी टॉर्च मारल्यावर पुसटसं चित्र दिसलं तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा गेलाय. आणि दिवाळीच्या साफसफाईनंतर फोन आला तर माझा पहिला संशय केबलवरच, कारण वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं की बऱ्याच बोर्डांवर वरचं व्हीजीए पोर्ट बंद होतं आणि लोक नेमकी तिथेच निळी केबल खोचून मोकळे होतात, खालच्या कार्डात लावली की डिस्प्ले हजर.

आता रॅम. आपल्याकडे खाडीकाठी जून ते सप्टेंबर हवेला जो ओलावा असतो त्याने रॅमच्या आणि स्लॉटच्या कॉन्टॅक्टवर थर धरतो, त्यातून मशीन मे महिनाभर बंद पडलेलं असलं की विचारूच नका. पॉवरची वायर भिंतीतून काढा (नुसतं बटण बंद करून भागत नाही), मग पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि रॅम काढा. सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासायच्या, भुगा ब्रशने झटकायचा, तोंडाने फुंकर मारायची नाही कारण थुंकी उडते. स्लॉटही कोरड्या ब्रशने. परत बसवताना दोन्ही कडांचे क्लिप खट्कन लागले पाहिजेत, लोक घाबरून अर्धवट दाबतात. दोन रॅम असतील तर एकेकच लावून बघा, स्लॉटही बदलून बघा. माझ्या क्लासमधली निम्मीअधिक काळी तोंडं एवढ्यावरच उजळतात.

नाही उजळलं तर सगळी रॅम काढून मशीन चालू करा, हो, मुद्दाम! बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर तो बीप बीप ओरडायला हवा. ओरडला तर खुशाल हसा, बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत. बीपची भाषा प्रत्येक बायॉसची (बोर्डातल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमची) वेगळी, अवॉर्ड नावाच्या बायॉसमध्ये एक लांब दोन छोटे म्हणजे डिस्प्ले कार्डची तक्रार, पण रॅमशिवाय शांत बसणं हे कुठल्याच बोर्डाचं चांगलं लक्षण नाही. अशा वेळी प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनची वायर नीट बसलीये का बघा, ती निघाली असली तरी पंखे मस्त फिरतात, म्हणून "पंखा फिरतोय म्हणजे एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ठीक" यावर माझा अजिबात विश्वास नाही. ओळखीच्याकडचा चांगला एसएमपीएस लावून बघणं सगळ्यात सोपं. आपला उघडायला मात्र जाऊ नका, आतले वीज साठवणारे कपॅसिटर वायर काढल्यावरही चार्ज धरून असतात. बोर्डावरच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा. आणि नाण्याएवढा सीआर 2032 सेल बदलून टाका, घड्याळवाल्याकडेही मिळतो, काही जुने बोर्ड तो मेला की रुसतात.

लोगो येऊन मग काळं होत असेल तर वेगळी कहाणी, तिथे विंडोजवर संशय घ्या. विंडोज 10 असेल तर कीबोर्डवरची विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा, डिस्प्लेचा ड्रायव्हर (डिस्प्ले चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा सुरू होतो. नाही झालं तर चालू होता होता दोन-तीनदा पॉवर बटणाने बंद करा, रिपेअरचा मेनू येतो, तिथून सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर काढून टाका.

शेवटी सगळे खरं तर फोटोंसाठीच रडत असतात. बोर्ड गेला म्हणून हार्ड डिस्क जात नाही, ती काढून साटा टू यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, फोटो कॉपी करून घ्या, आणि मशीन दुकानात द्यायचंच असेल तर डिस्क घरी ठेवून द्या.