काचेवरचे पांढरे ठिपके

आमच्या अमळनेरच्या घरी बोअरचं पाणी जड. गाडी धुऊन तशीच उन्हात वाळली, की काचेवर क्षारांचे पांढरे ठिपके. एकदा मी ते भांड्यांच्या तारेच्या घासणीने घासले. ठिपके गेले, ओरखडे मात्र अजून आहेत.

आता पांढरं व्हिनेगर आणि फिल्टरचं पाणी निम्मं-निम्मं. ओल्या फडक्याने काचेवर लावायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, रंगावर ओघळू द्यायचं नाही, मग धुऊन लगेच कोरडं पुसायचं. तेही सकाळी सातच्या आत. मे महिन्यात तापल्या काचेवर पाणी पुसायच्या आधीच सुकतं. शेजारचे आप्पा रोज विचारतात, "काय करी ऱ्हायना रे भाऊ, लगीन शे का गाडीनं?"

खरा ताप आतल्या बाजूचा. उन्हात डॅशबोर्डचं प्लास्टिक तापून काचेवर तेलकट थर बसतो. दिवसा कळत नाही. रात्री पारोळ्याजवळ हायवेवर समोरून ट्रक आला, की अख्खी काच पांढरी होते. आतून आडवं पुसायचं, बाहेरून उभं. म्हणजे राहिलेला पट्टा कोणत्या बाजूचा ते लगेच कळतं.

वायपरचं रबरही पुसा. माझ्या फडक्यावर काजळच निघालं.