सातबाऱ्यावर नाव लागलं, पण ज्या निकालाच्या भरवशावर गेले त्याने नाही

वडिलांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव लावायला विनीता शर्मा निकालाची जाडजूड प्रिंट मी वर्षभर पिशवीत घेऊन हिंडले. ११ ऑगस्ट २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात नसले तरी मुलगी जन्मानेच सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच हक्कदार. आमचे अण्णा गेले २००३ साली, म्हणजे त्या तारखेला वडील हयातच हवेत म्हणणाऱ्या २०१५ च्या फुलवती निकालाप्रमाणे मी बाद होते. तो अडसर गेला, तेव्हा म्हटलं, झालं काम!

तलाठी भाऊसाहेबांनी प्रिंट उघडलीसुद्धा नाही. "ताई, वारसांची नावं चढवणारा फेरफार तेव्हाच मंजूर झालाय. मंजूर नोंद मला खोडता येत नाही. प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करा." राग आला, पण माणूस बरोबर बोलत होता.

अपिलाची मुदत ६० दिवस, आणि माझी अठरा वर्षं उलटलेली. म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज. मी इथेच रुतले. पहिल्या अर्जात मी काय लिहिलं? निकालाचे परिच्छेदच्या परिच्छेद. तारखा पडत गेल्या. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा दादाच्या वकिलांना मुदत हवी, एकदा फाइलच सापडेना. बाकावर बसून मी तोच निकाल तिसऱ्यांदा वाचला. पाचव्या तारखेला साहेबांनी तो बाजूला सारला आणि एवढंच विचारलं, "निकाल राहू द्या. तुम्हाला हा फेरफार कळला कधी?"

याचं उत्तर माझ्या अर्जात कुठेच नव्हतं.

मग कुणीतरी सुचवलं म्हणून जुन्या फेरफाराची आणि वर्दीची, म्हणजे वारस कळवणाऱ्या अर्जाची, नक्कल काढली. (हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. दोन प्रती काढा, एक फाइलला लागते.) वर्दीत वारस म्हणून दादा, धाकटा आणि आई. माझं नाव खोडलेलं नव्हतं, मुळात लिहिलेलंच नव्हतं. हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस द्यावी लागते. तिच्यावर दोघा भावांच्या सह्या आणि आईचा निळ्या शाईचा अंगठा. मला नोटीसच नाही, मग कळणार कुठून? सुधारित अर्ज दीड पानाचा झाला. नक्कल मिळाल्याची तारीख, नोटिशीतली त्रुटी, बस्स. त्याच्या पुढच्या तारखेला विलंब माफ!

पुढचं अपील फार चाललं नाही. कारण वारस म्हणून नाव लागायला २०२० चा निकाल लागतच नव्हता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहेच, लग्न झालेलं असो वा नसो. तो निकाल लागतो हिश्श्याच्या आकड्यासाठी. वडिलोपार्जित जमिनीत जुन्या हिशोबाने अण्णांच्या वाट्यातला एक तुकडा, नव्या हिशोबाने भावांइतकाच. पण हिस्सा ठरवणं महसूल खात्याचं काम नाही, ते दिवाणी कोर्टात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं.

दादाने मध्येच "तोंडी वाटप झालंय" म्हणून पाहिलं. घाबरू नका. २० डिसेंबर २००४ पूर्वीचं नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप असेल तरच खरी अडचण. नुसतं तोंडी म्हटलेलं सहसा टिकत नाही. आणि "ताई, नुसती एक सही" म्हणत हक्कसोडपत्र पुढे आलं, तर चहा पिऊन उठा.

आता सातबाऱ्यावर चौथं नाव माझं आहे. प्रिंट जपून ठेवलीय. वाटपाचा दावा लावायचाय, तिथे लागेल.